चोथ्याने धरलेला रंग

उठल्यापासून सनोबर किती वेळा पाटावर जाऊन आली, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. कढईखाली लाकूड सारलं की पाटावर. चहा ओतला की पेला हातात धरून पाटावर. एकदा तर डोक्याचा रुमाल अर्धाच बांधलेला, दुसरं टोक दातात धरून गेली. तिच्या रंगघराच्या मागच्या भिंतीत खाली एक भोक होतं, तिथून घरातलं सांडपाणी पाटात पडे. त्या धारेखाली ती तळहात धरायची. जन्मभर रंगात बुडालेल्या त्या हाताच्या रेषा काळ्यानिळ्या पडल्या होत्या, त्या पाण्यातून स्पष्ट दिसल्या की पाणी स्वच्छ. आज दिसत होत्या. कालही दिसल्या होत्या. तरी बाईच्या पायाला भिंगरी लागलेली.

तिला दोष तरी कसा द्यावा? मर्गिलानच्या त्या गल्लीत एके काळी घरटी रंगारी होता. पाट सकाळी पिवळा वाहायचा, दुपारी निळा, आणि लग्नसराईत असा लाल की पोरं म्हणायची, आज कुणाच्या तरी सुनेची रेशमी अतलस धुतली. तेव्हा कुणी कुणाला नावं ठेवत नव्हतं, कारण ठेवायची तर सगळ्यांनाच ठेवावी लागली असती. मग एकेक रंगारी मेला, एकेकाच्या मुलाने टॅक्सी घेतली, आणि उरलं एकटं सनोबरचं रंगघर. वडिलांनी दिलेल्या तीन कढया, आणि वडिलांनीच शिकवलेला हात. नवरा गेल्यावर घर त्याच हाताने चालवलं. फरक इतकाच झाला की आता पाटात रंग दिसला, तर तो कुणाचा हे विचारायला नको.

आणि विचारणारा होता गोफुर-अका. तिच्या घरापासून खाली, पाटाच्या वळणावर त्याचं घर, आणि काठाने त्याच्या तुतीच्या झाडांची रांग. दर वसंतात तो घरातली सगळ्यात चांगली खोली रेशीमकिड्यांना देई आणि स्वतः बायकोमुलांसह ओसरीत झोपे. गेल्या वर्षी त्याचे किडे कोष विणायच्या तोंडावर मेले. टोपल्याच्या टोपल्या काळ्या पडल्या. गोफुर-अकाने ठरवून टाकलं की तुती रंगाचं पाणी प्यायल्या आणि ते पानांतून किड्यांना बाधलं. खरं असेल, खोटं असेल. रेशीमकिडा असा नाजूक की त्याला मरायला निमित्त पुरतं. पण सनोबरला रात्रंदिवस टोचत होतं ते हेच, की आपण खात्रीने ‘नाही’ म्हणू शकत नाही.

गोफुर-अका तोंडाचा फटकळ. ‘तुझं पाणी पिऊन माझ्या तुती आता थेट अतलसच विणतील बघ,’ असं येताजाता ऐकवायचा. ते तिने सोसलं असतं. पण त्याने आणखी एक सुरू केलं होतं. पूर्वी नमाजाआधी तो पाटाच्या काठी बसून हातपाय धुऊन वजू करी, त्याच्या बापानेही तिथेच धुतले होते. रंग बदललेल्या पाण्याने वजू होत नाही. म्हणून गेल्या वर्षापासून तो घरातून तांब्याची झारी भरून आणायचा आणि पाटाच्या काठीच बसून, पाटाकडे पाठ करून, झारीच्या पाण्याने वजू करायचा. घरातच करायला त्याला कुणी अडवलं होतं? पण नाही. सगळ्या गल्लीला दिसलं पाहिजे. सनोबरला ते दिसायचं आणि दर वेळी तिचा चेहरा तापायचा.

या वसंतात बोभाटा मोहल्ल्याचे मुख्य कोझिम-ओता यांच्यापुढे गेला. म्हातारे दम्याने धापा टाकत बोलत, पण बोलले ते नीट. किडे कोषात जाईपर्यंत पाटात एकदा जरी रंग दिसला, तर सनोबरच्या भोकावर मी माझ्या हाताने फळी घालीन, म्हणाले.

बाहेरच्या माणसाला वाटेल, फळीचं काय एवढं? लाकडाचा तुकडा तो. पण त्या पाटावर एक कायदा होता, कुणी लिहिला नाही आणि कुणी मोडला नाही: ज्याने फळी घातली, त्यानेच ती उचलायची. दुसऱ्याने हात लावायचा नाही, आणि फळीवर फळी घालायची नाही. याच कायद्याने तुर्दी साबणवाल्याच्या भोकावर आधीच्या मुख्यांनी फळी घातली होती, आणि त्याच हिवाळ्यात ते वारले. फळी आजही तिथेच आहे. तिला शेवाळ आलंय, आणि तुर्दीचा नातू बाजारात मोबाइलची कव्हरं विकतो. कोझिम-ओतांची छाती रोज भात्यासारखी वाजत होती. त्यांनी घातलेली फळी कोण कधी उचलणार, हे सनोबरला न सांगता कळलं. सांडपाणी जायला वाट नसलेलं रंगघर म्हणजे बंद रंगघर.

वाट काढली ती तिच्या धाकट्या भावाने, इल्योसने. इल्योस म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या. पाव भाजून झाले, गुरांच्या गोठ्यात राबून झालं, आता शहराबाहेरच्या एका कारखान्यात होता. तिथे काचेच्या लांब नळ्यांतून हिरवं शेवाळ वाढवत, त्याचा रस काढून गुरांच्या खाद्यासाठी विकत, आणि उरलेला चोथा भिंतीमागे फेकत. तो उन्हात असा घाण मारायचा की कारखान्याचा कुत्रासुद्धा पुढच्या फाटकावर राहायला गेला होता. एक दिवस इल्योसने त्या चोथ्याची दोन पोती भरून आणली आणि अंगणात वाळत घातली. सनोबर नाकाला रुमालाचं टोक लावून म्हणाली की माझ्या दारात आधीच कमी वास आहेत का.

“ओपा, ऐक तर खरं,” इल्योस बहिणीला म्हणाला. “शेवाळ मेलंय, पण त्याची भूक मेलेली नाही. पाण्यात रंग दिसला की धरतंच. आमच्या साहेबांनी बरणीत करून दाखवलं. फक्त पाणी आंबट लागतं.”

“आंबट पाण्यात रेशीमही रंग धरतं. मला शिकवतोस?”

“मग तुला कळायला कशाला वेळ लागतोय?”

तिला वेळ लागला नाहीच. वाळलेला चोथा त्यांनी जाड कापडाच्या पिशव्यांत भरला. भिंतीच्या भोकाआधी सिमेंटची एक लांबट कुंडी बांधून तिच्यात पिशव्या ओळीने ठेवल्या. रंगवलेलं रेशीम धुतलं की ते पाणी हौदात साठवायचं, त्यात द्राक्षाचा शिरका ओतायचा, आणि मग सावकाश कुंडीत सोडायचं. पहिल्या दिवशी किरमिजी पाणी आत गेलं, आणि बाहेर आलं ते फिक्या चहासारखं. दुसऱ्यांदा फिरवलं तेव्हा तेवढाही रंग उरला नाही. सनोबर भोकाशी बसून हसत राहिली, आणि हसताहसता रडली. पिशव्या दिवसेंदिवस लाल होत गेल्या, मग जांभळ्या, मग जवळजवळ काळ्या. पाटात मात्र काही नाही. गल्लीतल्या बायका म्हणू लागल्या, सनोबरने गवताला रंग चरायला शिकवलं.

तरी तिचा जीव थाऱ्यावर येईना. मेलेल्या शेवाळावर कुणी किती भरवसा ठेवावा? ती झोपेत पिशव्या मोजायची. जेवता जेवता उठून कुंडीत बोट बुडवून यायची. इल्योस म्हणाला, ओपा, तू पाण्यावर नजर ठेवतेस की पाणी तुझ्यावर?

असा तो दिवस उजाडला. गोफुर-अकाचे किडे कात टाकायच्या शेवटच्या, मोठ्या झोपेतून उठले होते. आता ते कोष विणेपर्यंत नुसते खाणार, कात्रीने कापड कापावं तसा कुरकुर आवाज करत. नेमकी आज पाटाच्या पाण्याची पाळीही त्याचीच होती. पाटातून तुतीकडे पाणी घ्यायच्या आपल्या दाराची फळी त्याने पहाटेच काढून ठेवली होती आणि पाणी तुतीच्या मुळाशी वळवलं होतं. सनोबरने म्हणूनच आज एकही लड रंगवायची नाही असं ठरवलं. रंगच नाही तर भीती कशाची?

पण हात रिकामे ठेवायची तिला सवय नव्हती. लग्नाच्या मागणीचं कच्चं रेशीम येऊन पडलं होतं. कच्च्या रेशमावर डिंक असतो, तो काढल्याशिवाय त्याला झळाळी येत नाही. त्यासाठी राखेच्या खारात साबण टाकून ते खळखळ उकळावं लागतं. बिनरंगी काम. सनोबरने मोठी कढई चढवली, लडी सोडल्या, ढवळल्या, आणि मध्ये मध्ये पाटावर जाऊन तळहात धरून आली. उन्हं डोक्यावर आली तेव्हा लडी उचलून दांडीवर टाकल्या. मग कढई तिरपी केली आणि तो गरम, बुळबुळीत खार मोरीत ओतून दिला. आजवर असाच ओतला होता. वडीलही असाच ओतायचे. तेव्हा मोरी आणि पाट यांच्यामध्ये कुंडी नव्हती, एवढंच.

हात पुसून ती सवयीने पाटावर गेली.

भोकातून रक्तासारखं पाणी येत होतं. नुसतं लाल नाही. लाल, त्यात जांभळा, त्यात निळ्याची रेघ, वर साबणाचा फेस. इतक्या दिवसांत चोथ्याने पोटात घातलेला सगळा रंग एकदम ओकला होता. क्षणभर ती बघतच राहिली, आणि मग तिने कपाळावर हात मारला. लहानपणी वडिलांनी शिकवलेली पहिली गोष्ट: आंबटात रंग बसतो, खारात सुटतो. रंगवलेली लड राखेच्या पाण्यात घालशील तर हात तोडीन. रेशमासाठी तिने ते जन्मभर पाळलं. चोथाही रंगवलेलाच आहे, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या कुणावर ढकलावं म्हटलं तर अंगणात दुसरं कुणी नव्हतं.

तिने भिंतीला टेकलेली फळी ओढली आणि भोकाच्या खाचेत दाबून बसवली. धार थांबली. पण जे गेलं ते गेलं होतं. पाटाच्या मधोमध रंगाचा एक लांब पट्टा सावकाश खाली चालला होता, घाई नसलेल्या म्हाताऱ्यासारखा. आणि खाली गोफुर-अकाचं दार सताड उघडं होतं.

कुणी बघितलं नव्हतं. दुपारची वेळ, गल्ली सामसूम. ती घरात गेली असती, दार लावलं असतं, तर तुतीच्या मुळाशी गेलेलं पाणी संध्याकाळपर्यंत मातीने पिऊन टाकलं असतं. हा विचार तिच्या मनात आला नाही असं म्हणणं खोटं होईल. आला. पण तोवर पाय धावू लागले होते.

चपला कुठेतरी मागे पडल्या. काठावरून धावत तिने रंगाला मागे टाकलं, गोफुर-अकाच्या दाराशी पोचली, त्याची फळी उचलली आणि गुडघाभर पाण्यात उतरून ती त्याच्याच दारात घातली. तुतीकडे जाणारं पाणी तुटलं आणि सगळा पाट सरळ पुढे वाहू लागला.

पाणी थांबल्याचं गोफुर-अकाला घरात बसून कळलं. ज्याची पाळी असते त्याचे कान पाण्यात असतात. तो अंगावर पानांचा कचरा घेऊन तसाच बाहेर आला.

“ए सनोबर! तुझं डोकं फिरलंय का? माझी पाळी आहे. काढ ती फळी.”

“नाही काढत.”

“किडे उपाशी मारतेस आता? गेल्या वर्षी पोट नाही भरलं तुझं?”

“अका, जरा थांबा.”

तो थांबणारा माणूस नव्हता. त्याने तिची आणि तिच्या सासरची उभी आडवी हजेरी घेतली. पण फळीला हात लावला नाही, कारण आता ती सनोबरने घातलेली फळी होती. बोलता बोलता त्याची नजर पाटावर गेली. रंग आला होता. लाल पट्टा सनोबरच्या पोटऱ्यांना वळसा घालून, त्याच्या बंद दारापुढून, तुतीच्या रांगेला न शिवता पुढे गेला. फेसाचा एक गोळा फळीला लागून थोडा घुटमळला. तिने तो हाताने पुढे ढकलला.

गोफुर-अकाचं तोंड बंद झालं. त्या गल्लीत ही गोष्ट क्वचितच घडत असे.

“माझाच रंग आहे,” सनोबर म्हणाली. तिला धाप लागली होती. “राखेचं पाणी मी ओतलं. चूक माझी. पाणी निवळलं की फळी काढते, त्याआधी शिव्या द्यायच्या तेवढ्या द्या.”

त्याने दिल्या नाहीत. तो काठावर बसून राहिला आणि ती पाण्यात उभी राहिली. पाणी गुलाबी झालं, मग गढूळ पिवळं, मग नेहमीसारखं मातकट. तरी ती हलेना. पुन्हा पुन्हा तळहात बुडवून बघत होती. शेवटी गोफुर-अकाच म्हणाला की बाई, आता त्याहून स्वच्छ पाणी अल्लाच्या बागेतच मिळेल. तेव्हा तिने फळी उचलली.

पुढे पाट एका नाल्याला मिळतो आणि त्या नाल्यात कोझिम-ओतांची बदकं पोहतात. पांढरीशुभ्र, म्हाताऱ्याच्या जिवाचा विसावा. सनोबर आपल्या भिंतीशी परतते न परतते तोच म्हातारे धापा टाकत येताना दिसले. एका काखेत फळी, दुसऱ्या काखेत बदक. बदक पोटापासून मानेपर्यंत गुलाबी झालं होतं, एखाद्या नवरीसारखं, आणि अत्यंत नाराज दिसत होतं. मागून गोफुर-अकाही आला.

“आता हे काय, ते मला सांग,” ओता म्हणाले.

“रंग आहे, ओता. माझ्या घरातून गेला.”

“बोलणं काय झालं होतं?”

“तुम्ही फळी घालाल.”

म्हाताऱ्यांनी बदक गोफुर-अकाच्या हातात दिलं, फळी घेऊन खाली वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. भोकावर आधीच एक फळी होती.

“ही कुणी घातली?”

“मी,” सनोबर म्हणाली.

“काढ. मला माझी घालायची आहे.”

सनोबर वाद घालायला शिकलीच नव्हती, निदान मोठ्यांशी. शिवाय बोलणं झालं होतं आणि रंग दिसला होता. तिच्या डोळ्यांपुढे तुर्दीची हिरवी पडलेली फळी आली. तीन कढया पालथ्या घातलेल्या दिसल्या. तरी ती वाकली आणि फळीच्या कडेला बोटं घातली.

“थांब,” गोफुर-अका म्हणाला. बदक त्याच्या हातात फडफडत होतं. “ओता, फळीवर फळी घालायची नाही, हा कायदा तुमच्या बापाच्याही आधीचा. भोक बंद व्हायला हवं होतं ना? झालंय बंद.”

“तूच तर वर्षभर माझं डोकं खाल्लंस. बंद करा, बंद करा.”

“खाल्लं. अजूनही खाईन. पण आज माझ्या दारात हिने फळी घातली आणि मी आईमाईवरून बोललो, तरी पाणी निवळेपर्यंत काढली नाही. कुणी बघत नव्हतं, ओता. घरात बसली असती तर मला उद्या किडे मेल्यावर कळलं असतं. फळी हिच्या हातात असू दे. तुमच्या हातात दिली आणि उद्या तुम्ही...” इथे त्याने त्यातल्या त्यात सभ्य शब्द शोधला. “उद्या तुम्ही प्रवासाला गेलात, तर?”

“कसल्या प्रवासाला?” म्हातारे म्हणाले, आणि मग त्यांना समजलं. ते इतके खोकले की दोघांनाही भीती वाटली. खोकला थांबल्यावर त्यांनी आपली फळी काखेत मारली, बदक परत घेतलं आणि जाता जाता सनोबरला विचारलं की हा रंग जाणारा आहे की पक्का. ती खाल मानेने म्हणाली की रंग माझा आहे ओता, पक्काच असतो.

फळी तिच्या हाती राहिली, आणि खरी बेचैनी तिथून सुरू झाली. दुसऱ्याने घातली असती तर रडून मोकळी झाली असती. आता कधी उचलायची, हे तिलाच ठरवायचं होतं. तिने अंगणाच्या दुसऱ्या टोकाला खड्डा खणून राखेच्या पाण्यासाठी वेगळा हौद बांधला, मोरीचं तोंडच बदललं. इल्योसने नवा चोथा आणला, जुना वाळवून वीटभट्टीवर जाळायला दिला. लडी रंगवल्या, पाणी आंबवलं, कुंडीतून फिरवलं, बादलीत धरलं, रेषा पाहिल्या. दिसत होत्या. हात फळीकडे गेला आणि मागे आला. ते स्वच्छ पाणी ती बादल्या बादल्या करून जर्दाळूच्या झाडाला घालत राहिली. इल्योस म्हणाला, ओपा, म्हाताऱ्याने घातली असती तर लवकर निघाली असती. ती त्याच्यावर ओरडली आणि मग रात्रभर तळमळली, कारण तो खरं बोलला होता.

गोफुर-अकाचे किडे कोषात गेले. गल्लीत बातमी तोंडातोंडी आली, कारण किड्यांबद्दल मोठ्याने कुणी बोलत नाही, दृष्ट लागते. त्याच्या बायकोने तिच्याकडे पलावाची थाळी पाठवली, वर रुमाल झाकून. निरोप काही नव्हता.

त्या दुपारी सनोबरने हौदातलं पाणी कुंडीत सोडलं आणि डोळे मिटून फळी उचलली. डोळे उघडायचं धैर्य होईना, म्हणून धारेकडे न बघता काठाने चालू लागली, पाण्याच्या बरोबरीने. वळणावर गोफुर-अका बसला होता. तिसऱ्या प्रहराच्या नमाजाची वेळ. शेजारी भरलेली झारी, आणि नेहमीप्रमाणे पाटाकडे पाठ. पावलं ऐकून त्याने मान वळवली. तिच्याकडे बघितलं, तिच्या ओल्या हातांकडे बघितलं, फळी उचलल्याचं त्याला कळलं. मग तो पाण्याकडे बघत राहिला.

त्याने झारी उचलली आणि तुतीच्या मुळाशी रिकामी केली. मग पाटाकडे तोंड करून बसला, बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि दोन्ही हात पाण्यात घातले.

सनोबर मागे वळली. घरी येऊन तिने चहा ओतला आणि तो बसून, संपेपर्यंत प्याला. त्या दिवशी ती पुन्हा पाटावर गेली नाही.